व्हॉलीबॉल प्रशिक्षकाला किमान पाच वर्षे द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जिल्हास्तरीय शालेय व्हॉलीबॉल स्पर्धांचे निकाल आपल्या दैनिकाच्या क्रीडापानावर नियमितपणे येतात, याबद्दल प्रथम आपले आभार. या बातम्यांत विजयी शाळा, कर्णधार आणि प्रमुख पाहुणे यांची नावे असतात. संघ घडवणाऱ्या प्रशिक्षकाचे नाव मात्र क्वचितच दिसते. उणीव बातमीपुरतीच असती तर मी लिहिले नसते. प्रशिक्षक हा स्पर्धेपुरता लागणारा माणूस आहे, अशी समजूत शाळा, पालक आणि क्रीडा प्रशासन या सर्वांचीच झालेली दिसते, आणि व्हॉलीबॉलचा इतिहास याच्या अगदी उलट साक्ष देतो, म्हणून हा पत्रप्रपंच.

व्हॉलीबॉलचा ऑलिंपिकमध्ये समावेश 1964 साली टोकियोत झाला. तेथे महिलांचे सुवर्णपदक जिंकणारा जपानचा संघ प्रामुख्याने निचिबो या कापड कंपनीच्या काइझुका गिरणीत काम करणाऱ्या मुलींचा होता आणि त्यांचे प्रशिक्षक होते हिरोबुमी दाइमात्सु. चेंडूवर झेप घेऊन तो उचलायचा आणि जमिनीवर लोळण घेत त्याच वेगात पुन्हा उभे राहायचे, हे तंत्र त्यांनी या मुलींकडून घोटवून घेतले. आज ते जगभरच्या मैदानांवर शिकवले जाते. दिवसभराच्या कामानंतर मध्यरात्र उलटेपर्यंत चालणारा त्यांचा सराव मात्र कोणी अनुकरणीय मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याच स्पर्धेत जपानच्या पुरुषांना कांस्यपदक मिळाले होते. त्यानंतर यासुताका मात्सुदाइरा यांनी संघाची सूत्रे हाती घेतली. युरोपीय संघांच्या ताकदीला ताकदीनेच उत्तर देण्याऐवजी त्यांनी वेग वाढवला. एका खेळाडूने आधीच उडी घेऊन स्मॅशचा आभास निर्माण करायचा, समोरचा ब्लॉक, म्हणजे जाळीजवळ हात उंचावून चेंडू अडवणारे खेळाडू, त्याच्याबरोबर हवेत गेला की क्षणभराने दुसऱ्याने चेंडू मारायचा, ही चाल त्यांच्याच संघाने रुजवली. 1968 मध्ये रौप्य आणि 1972 मध्ये म्युनिकला सुवर्ण, तेही उपांत्य सामन्यात बल्गेरियाविरुद्ध पहिले दोन सेट गमावल्यानंतर. कांस्यापासून सुवर्णापर्यंत आठ वर्षे गेली आणि जपानने तेवढी वर्षे त्यांना दिली, ही बाब मला पदकाइतकीच मोलाची वाटते.

अमेरिकेच्या डग बील यांनी सर्व्हिस उचलण्याची जबाबदारी प्रामुख्याने दोनच खेळाडूंवर सोपवून बाकीच्यांना आक्रमणासाठी मोकळे केले आणि 1984 चे सुवर्ण मिळवले. आजच्या प्रत्येक संघात रिसीव्ह करणारे खेळाडू ठरलेले असतात, त्याचे मूळ या विचारात आहे.

सर्वांत विस्ताराने लिहावे असे नाव हुलिओ वेलास्को यांचे. तत्त्वज्ञानाचे शिक्षण घेतलेला हा अर्जेंटिनाचा माणूस 1989 मध्ये इटलीच्या पुरुष संघाचा प्रशिक्षक झाला. इटलीत खेळाडू होते, क्लब होते, पैसाही होता. पण स्मॅशरने सेटरकडे (स्मॅशसाठी चेंडू उचलून देणाऱ्याकडे) आणि सेटरने रिसीव्हरकडे (समोरून आलेला चेंडू पहिल्यांदा घेणाऱ्याकडे) बोट दाखवायचे, ही सवय जाता जात नव्हती. वेलास्को यांनी सबबी सांगण्याच्या या प्रवृत्तीवरच घाव घातला. आलेला पास वाईट असेल तर त्याचे उत्तम काय करता येईल, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर ते खेळाडूकडून मागत. त्याच वर्षी इटली युरोपचा विजेता झाला आणि 1990 व 1994 मध्ये जगज्जेता. ऑलिंपिक सुवर्ण मात्र 1996 च्या अंतिम सामन्यात हुकले. पुढे 2024 मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्यांनीच इटलीच्या महिला संघाला पॅरिसमध्ये सुवर्ण मिळवून दिले. व्हॉलीबॉलमधील इटलीचे ते पहिले ऑलिंपिक सुवर्ण होय.

ब्राझीलचे जोसे रोबेर्तो गिमारायस यांनी 1992 मध्ये पुरुषांना आणि 2008 व 2012 मध्ये महिलांना सुवर्ण जिंकून दिले. चीनच्या लांग पिंग यांनी खेळाडू म्हणून 1984 मध्ये व प्रशिक्षक म्हणून 2016 मध्ये सुवर्ण जिंकले. आपल्याकडे ए. रमणा राव, एम. श्याम सुंदर राव आणि जी. ई. श्रीधरन यांना व्हॉलीबॉलसाठी द्रोणाचार्य पुरस्कार मिळाले आहेत. परंतु ही नावे नाशिकच्या किती खेळाडूंना ठाऊक असतील? आशियाई क्रीडा स्पर्धेत भारतीय पुरुषांचे शेवटचे पदक 1986 चे, सोलचे कांस्य. हांगझोऊच्या स्पर्धेत 2023 मध्ये आपण दक्षिण कोरियाला हरवले, तेव्हा गुणवत्ता आहे हे उघड आहे.

दीर्घकाळ लाभलेला प्रशिक्षक काय करू शकतो, हे नाशिकने ॲथलेटिक्समध्ये पाहिलेले आहे. सावरपाड्याची कविता राऊत विजेंद्र सिंग यांच्या मार्गदर्शनाखाली याच शहरात घडली आणि 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये तिने कांस्यपदक मिळवले. व्हॉलीबॉलला असा आधार का मिळू नये? आपल्या ग्रामीण भागात शूटिंग व्हॉलीबॉलची, म्हणजे व्हॉलीबॉलच्याच एका देशी प्रकाराची, आवड जुनी आहे. चेंडूचा अंदाज आणि हातांची मजबुती घेऊन मुले तेथून येतात. परंतु रोटेशन (खेळाडूंनी क्रमाने जागा बदलणे), ब्लॉक आणि पायांची हालचाल शिकवणारा माणूस भेटेपर्यंत त्यांची शाळा संपलेली असते. अनेक शाळांत स्पर्धेच्या तोंडावर उंच मुले गोळा केली जातात, बाहेरून कोणाला तरी बोलावले जाते आणि पहिल्या पराभवाबरोबर दोघांचीही पांगापांग होते. चांगला सेटर तयार व्हायलाच काही वर्षे लागतात. मानधनावर दर वर्षी नव्याने नेमला जाणारा प्रशिक्षक बारा वर्षांच्या मुलावर ती मेहनत कशाच्या भरवशावर घेईल?

माझी विनंती दोन ठिकाणी आहे. महापालिका, जिल्हा परिषद आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय यांनी मिळून शहरात व तालुक्यांत निवडक मैदानांवर प्रमाणपत्रधारक व्हॉलीबॉल प्रशिक्षक किमान पाच वर्षांसाठी नेमावेत, त्यांना जगण्याइतका पगार द्यावा आणि त्यांच्या कामाचे मोजमाप वर्षाच्या चषकावर न करता, किती मुले-मुली खेळात टिकली यावर करावे. मुलींच्या संघांसाठी महिला प्रशिक्षकांना प्राधान्य मिळाले, तर दहावीनंतर मैदान सोडणाऱ्या मुलींपैकी बऱ्याच जणी खेळात टिकून राहतील, असा माझा विश्वास आहे. आणि आपण, संपादक महोदय, येत्या हंगामापासून विजयी संघाच्या बातमीत प्रशिक्षकाचे नाव अवश्य छापावे.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, नाशिक रोड