विषय : वॉरंटीतला रूम हीटर सुरूच होत नाही, न तपासता बंद केलेली तक्रार पुन्हा उघडण्याबाबत

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक

महोदय,

मुलगी बाळंतपणाला माहेरी आली आहे. बाळ बारा दिवसांचं आहे. आमच्या साकोली तालुक्यात पौषातल्या पहाटे हातपाय बधिर होतात. पूर्वी बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवत. बंद खोलीत कोळशाचा वायू जिवावर बेततो, असं गावच्या आशा सेविकेनं बजावलं, म्हणून 20 डिसेंबरला 2,350 रुपये मोजून तुमचा 2000 वॅटचा ब्लोअर हीटर घेतला. बाळ घरी आल्यावर तो जेमतेम आठ रात्री चालला. नवव्या रात्री बटण दाबलं, तर ना लाल दिवा लागला, ना पंखा फिरला.

टोल-फ्रीवर सांगण्यात आलं, "खेड्यात व्होल्टेज कमी असतं, त्यामुळे होतं." दुसऱ्या दिवशी तक्रार बंद झाल्याचा मेसेज आला. बघायला कोणीही आलं नाही.

व्होल्टेज कमी असतं, हे खरं आहे. शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की दिवे मंद होतात. पण 180 व्होल्ट आले तरी 2000 वॅटची कॉइल सव्वाबाराशे वॅटच्या आसपास तापतेच. हीटर साफ बंद पडत नाही. त्या रात्री तर 212 व्होल्ट होते.

पुतण्या आयटीआय झालेला वायरमन आहे. हीटर 16 अँपिअरच्या सॉकेटवर थेट लावतो, एक्स्टेन्शन नाही. एमसीबी पडलेला नाही, त्याच सॉकेटवर इस्त्री चालते. थर्मोस्टॅट पूर्ण फिरवला, 'टक्' आवाज येतो. मग प्लग काढून, बटण चालू ठेवून त्याने पिनांना मल्टिमीटर लावला. कॉइल जोडलेली असती तर 26 ओहमच्या जवळपास दिसायला हवं होतं. काटा हललाच नाही. म्हणजे आत कुठेतरी सर्किट तुटलं आहे. थर्मल फ्यूज (हीटर फार तापला की वीज तोडणारा भाग) गेला असावा, असं त्याचं मत. वॉरंटी जाऊ नये म्हणून आम्ही सील फोडलेलं नाही.

हीटर नागपूरला आणून द्या, असं म्हणू नका. शंभरेक किलोमीटर जाऊन यायचं, त्यात दिवस मोडतो, आणि ओल्या बाळंतिणीला सोडून घरातून कोण निघणार? दोन दिवसांपासून बाळाला आजीच्या पोटाशी, गोधडीत गुंडाळून निजवतो आहोत.

तीन दिवसांत माणूस पाठवा किंवा हीटर बदलून द्या. तक्रारीवरचा 'कमी व्होल्टेज' हा शेराही काढून टाका, कारण तो न पाहता मारलेला आहे. तसं न झाल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून भंडाऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. 5 लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी तिथे फी लागत नाही.

सोबत बिल, वॉरंटी कार्ड आणि मल्टिमीटरचा फोटो जोडला आहे.

आपला,
एक ग्राहक, ता. साकोली, जि. भंडारा