गोधडी कापू नकोस

॥ श्री ॥

बार्शी,
14 नोव्हेंबर

चि. समीर यास,
अनेक आशीर्वाद.

मृण्मयीनं पाठवलेले खोलीचे फोटो मी आणि तुझ्या आईनं दुकानात बसून मोठे करकरून पाहिले. खोली छान आहे, उजेड भरपूर आहे. भिंती, फरशी, कपाट सगळंच पांढरं असल्यामुळे तुम्हाला ती परकी वाटते हे पटलं. कापडानं तिला घरपण येईल यातही शंका नाही. पण आजीची गोधडी कापून तिचे उशांचे अभ्रे शिवावेत का, असं तू विचारलंस, त्याला माझं उत्तर 'नाही' आहे. का नाही आणि मग काय करायचं, हे फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसलो.

आधी शिंप्याचं कारण सांगतो. मशीनच्या टिपेत वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे कापड मधेच कापलं तरी टीप लगेच उसवत नाही. गोधडी धावदोऱ्यावर उभी असते. एकच दोरा या कडेपासून त्या कडेपर्यंत जातो आणि गाठ टोकाला. मधे कात्री चालवली की एकेक ओळ मोकळी होते. आजीच्या ओळींमध्ये जेमतेम दोन बोटांचं अंतर आहे, म्हणजे सोळा इंची अभ्र्यासाठी कापलेल्या तुकड्यात दहा-बारा ओळी तरी सुटणार. शिवाय आतले थर जुने, विरलेले. कडेनं त्यांच्या दशा निघायला लागतात. गोट मारून ते थोपवता येईल, पण चार धुण्यांत आतलं कापड गोळा होऊन एका कोपऱ्यात बसेल. धड गोधडी नाही, धड उशी नाही, अशी गत होईल.

आता ती गोधडी पलंगावर पसर आणि मृण्मयीला शेजारी घेऊन नीट बघ. वरचं निळं कापड म्हणजे आजीचं नेसतं इरकल. त्याचा लाल पदर आणि पदरावरची पांढरी टोपतेनी, म्हणजे इरकलच्या पदरावरची ठरलेली नक्षी, तिनं मुद्दाम उशाकडे घेतली आहे. पदराचं कापड दाट असतं आणि तोंडापाशी गोधडी सगळ्यात जास्त ओढली जाते, म्हणून. काठ कापून फेकले नाहीत, चारी बाजूंनी गोट म्हणून फिरवले आहेत. कोपरे दुमडून गोल केलेत, कारण टोकदार कोपरा आधी फाटतो. पायाकडे डाव्या बाजूला विटकरी रंगाचा चौकोन दिसेल, तो माझ्या दुकानातल्या कातरणीचा. त्याच्या शेजारी तुझ्या शाळेच्या शर्टाचा तुकडा आहे, खिशासकट. खिसा उसवून काढणं तिला सहज जमलं असतं. तो तिनं ठेवला आणि खिशाचं तोंडही शिवलं नाही. बोट घालून बघ, आतल्या शिवणीत अजून निळी शाई आहे.

मागची बाजूही बघ. दोऱ्याचा रंग तीन-चार ठिकाणी बदलतो. पांढरं रीळ संपलं की हिरवं, हिरवं संपलं की काळं, घरात असेल ते. पण टाका कुठंही लांबलेला नाही. मी आयुष्यभर मशीनवर बसलो, काज-बटणापासून सफारीपर्यंत सगळं केलं, तरी हाताचा इतका सारखा टाका मला येत नाही, आणि हे मी गिऱ्हाइकांनाही सांगतो.

गोधडी ऊबदार का असते, हे लोक मायेवर सोडून देतात. माया असतेच, पण कापडाचं काम वेगळं आहे. पुष्कळ धुतलेल्या सुती लुगड्यातली खळ पूर्ण निघून गेलेली असते, सूत मऊ पडतं. असे चार-पाच थर एकमेकांवर आले की मधे हवा अडकते आणि ती अंगातली ऊब बाहेर जाऊ देत नाही. सुती असल्यामुळे घामही शोषला जातो. म्हणून गोधडी थंडीत चालते आणि पावसाळ्यातही चिकचिक होत नाही. नव्या कापडाची गोधडी दिसायला छान, पण तिला मऊ व्हायला वर्षं लागतात. नव्या कापडात हाताची सुईही लवकर जात नाही.

ही रीत आपल्याकडची एकट्याची नाही. बंगालमधल्या कांथा जुन्या साड्यांच्याच, आणि त्यावर भरायला दोरा साडीच्या काठातून ओढून काढायचे. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर-हल्याळच्या बाजूला सिद्दी समाजातल्या बायका कवंदी शिवतात. त्या कडेपासून सुरुवात करून गोल फिरत आत मध्यापर्यंत येतात आणि कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची त्रिकोणी फुलं बसवतात. सिंधकडे आणि कच्छात रल्ली. प्रत्येक ठिकाणी जुनं, धुऊन मऊ झालेलं कापड आणि धावदोरा. मृण्मयीला चित्रांची आवड आहे, तिला हे बघायला आवडेल.

तर खोलीचं. माझं म्हणणं एवढंच आहे की खोलीत बोलणारं कापड एकच असावं, आणि तुमच्या खोलीत ते ही गोधडी असावी. ती पलंगावर राहू दे, रोज पांघरायला. बाकी सगळं कापड तिला जागा करून देणारं पाहिजे. तू चित्र पाठवलेली ती फुलाफुलांची चादर घेऊ नकोस. गोधडीसारखी दिसणारी छापील चादर तर अजिबात नको. खाली साधी, पांढुरकी, सुती चादर घाल. सोलापुरी चादर तुला हवी आहे असं आई म्हणाली. ती जरूर घे, आपल्या जिल्ह्याचीच आहे, भौगोलिक मानांकन मिळालेली, दोन्ही बाजूंनी वापरता येणारी. पण ती मोरपंखी नक्षी आणि आजीचं इरकल एका पलंगावर भांडतील. सोलापुरी बाहेरच्या खोलीत दिवाणावर टाका.

पडद्यांना मांजरपाट घे. बिनधुवट, थोडा पिवळसर असतो तोच. पांढऱ्या भिंतीवर तो उबदार दिसतो आणि उन्हाची तिरीप गाळून आत घेतो. खिडकी पाच फूट रुंद आहे असं तू म्हणालास. पडद्याला चुन्या नीट पडायला खिडकीच्या दुप्पट कापड लागतं, म्हणजे 120 इंच. कापडाचा पन्हा 44 इंच असेल तर तीन पाट लागतील. दांडी जमिनीपासून सात फुटांवर असेल तर 84 इंच, वर नेफ्याला 3, खाली दुमडीला 4 आणि आटण्यासाठी आणखी 4, म्हणजे एका पाटाला 95 इंच. तीन पाटांचे सव्वासात मीटरच्या आसपास होतात, तू साडेसात घे. दुकानदार कमी पुरेल म्हणाला तरी ऐकू नकोस, मांजरपाट चांगलाच आटतो. कापायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच मला पाठव. न भिजवता शिवलेला पडदा पहिल्याच धुण्यात वर चढतो आणि खिडकीखालची भिंत दिसायला लागते. पडद्यांच्या खालच्या कडेला मी इरकलच्या काठाची एकच पट्टी लावून देईन. तुझ्या आईकडे एका विरलेल्या साडीचे काठ जपून ठेवलेले आहेत. तेवढ्यानं पडदे आणि पलंग एकमेकांचे होतील.

उशांसाठी गोधडी सोडून दे, खण घ्या. दोन उशा पुरेत, आणि दोन्ही एकाच रंगाच्या. खणाचा पन्हा मुळातच लहान, चोळीच्या मापाचा, त्यामुळे सोळा इंची उशीला तो फार वाया जात नाही. कर्नाटकातल्या गुळेदगुडचा हातमागाचा खण मिळाला तर उत्तम. बाजारात खण म्हणून जे ढीग पडलेले असतात त्यात पॉलिस्टर बरंच असतं. कडेचा एक दोरा ओढून काडीपेटीच्या ज्योतीवर धर. सुताची राख होते, कागद जळल्यासारखा वास येतो. पॉलिस्टर वितळून टोकाला कडक मणी होतो. खण निसटता असतो आणि त्याच्या दशा लवकर निघतात, म्हणून सुती अस्तर लावल्याशिवाय शिवू नका आणि शिवण अर्धा इंच आत घ्या. समोरचा तुकडा 17 इंच चौरस कापा. मागे दोन तुकडे एकमेकांवर चार इंच चढतील असे ठेवा. चेन नको, बटण नको, उशी मधल्या फटीतून आत जाते. एवढं मृण्मयी मशीनवर आरामात करेल, आणि तूही करशील. लहानपणी दुकानात बसून तू पिशव्या शिवायचास, तो हात गेलेला नसतो.

पलंगाच्या मागच्या भिंतीवर चित्र लावण्याऐवजी तुझं दुपटं लाव. आईनं ट्रंकेतून काढून उन्हात ठेवलंय. भिंतीला खिळे ठोकून त्यात अडकवू नकोस, खिळ्यापाशी कापड फाटत जातं. मी मागच्या बाजूला वरच्या कडेला नेफा शिवून देतो, त्याचा टाका फक्त मागच्या थरात घेईन, समोरून दिसणार नाही. त्यातून लाकडी दांडी घालून दोन्ही टोकांना टांगायची. पश्चिमेचं ऊन ज्या भिंतीवर येतं तिच्यावर मात्र नको. दुपट्याच्या लाल रंगाला ऊन सोसणार नाही. तुझ्या आईच्या क्रोशाच्या कामातली एक चौकट दिव्याच्या टेबलावर जाईल. तिच्या रुखवतातली आहे आणि अजून एक टाका सुटलेला नाही. तिला ती द्यायची फार इच्छा आहे, आणि मी सांगितलं हे तिला कळू देऊ नकोस.

गोधडी वापरायची म्हणजे धुवावी लागणार. आपल्याकडे घटस्थापनेच्या आधी गल्लीतल्या बायका गोधड्यांची गाठोडी डोक्यावर घेऊन ओढ्याला जायच्या. ओली गोधडी एकटीला उचलत नाही, दोघी दोन टोकं धरून पिळायच्या आणि खडकावर पसरून द्यायच्या. अकराव्या मजल्यावर खडक कुठला, पण तुम्ही दोघं आहात. मशीनमध्ये टाकू नका, पाणी पिऊन ती जड होते आणि गरगर फिरताना जुने थर आतल्या आत फाटतात. मोठ्या टबात रिठ्याच्या पाण्यात तासभर ठेवायची, हातानं दाबून मळ काढायचा, हलक्या हातानं दोघांनी पिळायची. एका दोरीवर टांगली की मधोमध ताण येतो, म्हणून शेजारशेजारच्या दोन दोऱ्यांवर आडवी घाला. पहिल्यांदा धुताना दुसरं कापड सोबत नको, इरकलचा लाल अजून थोडा सुटतो. पुण्यात पावसाळ्यात कुबट वास येईल, तेव्हा ऊन पडलेला एकही दिवस सोडू नका. कपाटात ठेवताना वाळलेला कडुलिंबाचा पाला घाला आणि दर खेपेला घडी वेगळ्या जागी मोडा, नाहीतर घडीवरच कापड तुटतं.

गोधडीच्या उजव्या बाजूला मधोमध एक जागा विरली आहे, फोटोतही दिसतेय. तिथं ठिगळ लावायचंच आहे. ते तू लाव. तुझा एखादा जुना सुती शर्ट घे, बाहीचा नको, पाठीचा तुकडा घे, तिथं कापड सरळ मिळतं. विरलेल्या जागेपेक्षा सगळीकडून दोन बोटं मोठा काप, कडा आत मुडपून आधी कच्चा टाका घाल, मग आजीच्या ओळींच्या दिशेनंच धावदोरा ने. मधल्या बोटात अंगुस्तान घालायला विसरू नकोस. टाका वाकडा गेला तरी चालेल, ओळ मात्र तिची सोडू नकोस.

आणि एक मनातलं. आईची दोन सुती नऊवारी लुगडी आहेत, तिच्या आईची. एक नऊवारी म्हणजे सत्तावीस फूट, त्यात पावणेसात फुटांचे चार पाट निघतात. दोन जोडून वरची बाजू, दोन जोडून खालची. एका लुगड्यात दोघांच्या पलंगाची गोधडी बसते, आत घालायला माझी जुनी धोतरं आहेत. उन्हाळ्यात आठ दिवस सुट्टी काढून दोघं या. अंगणात चटई टाकू, कोपऱ्यांवर पाटा-वरवंटा ठेवू आणि बसू चौघंही. पाट मी कापून, जोडून तयार ठेवतो.

तोपर्यंत खिडकीचं माप पाठव. दांडीपासून फरशीपर्यंत डावीकडे, मधे आणि उजवीकडे अशी तीन मापं घे, फरशी सगळीकडे सारखी नसते. इंचातच लिही. मांजरपाट भिजवून झाला की एसटीच्या पार्सलनं टाक, परतीच्या गाठोड्यात पडदे, दुपटं आणि क्रोशाची चौकट येईल.

मृण्मयीस आशीर्वाद. आईनं शेंगदाण्याची चटणी बांधून ठेवली आहे, ती पण त्याच गाठोड्यात असेल, पडद्यांपासून वेगळी बांधून.

तुझा,
बाबा