बेअरिंग बोलतंय

लातूर,
कोजागिरीनंतरचा रविवार

प्रिय सुऱ्या,

पत्र बघून दचकू नकोस. अण्णा ठणठणीत आहेत, माझी शुगर होती तिथंच आहे. फोनच करणार होतो, पण फोनवर तू "हं, हं, बोल ना" म्हणत लॅपटॉप बडवत बसतोस. आणि हे घाईत ऐकायचं नाही. घरात सगळ्यांना सांगून झालं, कुणाला काही कळेना.

आपल्या जुन्या पद्मिनी गाडीचं इंजिन खोलून पुन्हा बांधलं. चालू झालं. आणि बेअरिंग बोलतंय, आतून ठोकल्यासारखा आवाज.

खोललं का ते आधी ऐक. डिपस्टिक ओढली तर ऑइल चहासारखं. म्हणजे हेड गॅस्केट गेलेलं आणि पाणी चेंबरात, खालच्या ऑइलच्या टाकीत. हेड उतरवलं, ब्लॉकच्या बाजूच्या गोल टोप्या ठोकून काढल्या, तर पाणी फिरायच्या जागेत नुसता पांढरा थर. स्क्रूड्रायव्हर घातला की पापुद्रे निघत होते. आपल्या बोअरच्या पाण्याचा प्रसाद, दुसरं काय! 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं तेव्हा तू म्हणाला होतास, "त्यातलं एक कॅन पद्मिनीला राखून ठेव." तुझे विनोद असे उशिरा खरे होतात.

पाणी मिसळलेल्या ऑइलवर चाललेलं इंजिन, म्हणजे शेल, बेअरिंगच्या त्या पातळ वाट्या, खरवडलेले असणारच. क्रँक लेथवर दिला. लेथवाल्यानं 20 थाउ, म्हणजे इंचाचे वीस हजारांश, उतरवला, मी 20 चेच शेल आणले. जर्नल, म्हणजे क्रँकचा शेलमध्ये फिरणारा भाग, मायक्रोमीटरनं मापून दाखव म्हटलं तर म्हणाला, "साहेब, केस पांढरे झाले या कामात." आता यावर काय बोलणार? माझेही झालेत.

बाकीचं काम बघितलं असतंस तर तूसुद्धा नाव ठेवलं नसतंस. (ठेवलंच असतंस, तो भाग वेगळा.) बोअर 68 मिलिमीटरचा, झीज कमी होती, आतून हलकं घासून, होनिंगवर भागलं. एकेक रिंग नुसती बोअरमध्ये सरकवून तोंडाची फट फीलरनं बघितली. बसवताना तोंडं एका रेषेत येऊ दिली नाहीत. व्हॉल्व्ह पेस्ट लावून हातानं घासले, सीटवर सलग करडी रेघ उमटेपर्यंत. हेडचे नट मधून बाहेर, टप्प्याटप्प्यानं, टॉर्क पान्यानं. डिस्ट्रिब्युटर मात्र भाच्यानं बसवला, "मामा, मला येतं" म्हणून. सेल मारला तर कार्बोरेटरमधून असा बार निघाला की शेजारच्या काकू पदर सावरत बाहेर. पोरानं पहिला पिस्टन वर आलेला बघितला आणि तोच फायरिंगचा धरला. क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅम एकदा, हे इंजिनिअरिंगच्या पोराला सांगावं लागतं लेका! 180 अंश फिरवून बसवला, 1-3-4-2 वायरी लावल्या, आणि अर्ध्या सेलला चालू.

थंड इंजिन अगदी शिवणयंत्र. तापलं की खालून टक्, टक्. व्हॉल्व्हचे टॅपेट वाजतायत म्हणून मनाची समजूत घातली. पण टॅपेटचा आवाज क्रँकच्या निम्म्या गतीचा, वरून येणारा. हा जड आहे, रेसबरोबर पळतो. पिस्टनचा असता तर गरम झाल्यावर कमी झाला असता, हा वाढतो, ऑइल पातळ होतं ना. शेवटी तुझीच रीत केली: लांब स्क्रूड्रायव्हर ब्लॉकला, मूठ कानाला, आणि एकेक प्लगची वायर काढत गेलो. तिसरी काढली की आवाज दबतो, म्हणजे तीन नंबरच्या पिस्टनच्या रॉडचं बेअरिंग. आयडलला ऑइलचा दाब कमी असल्याचा लाल दिवाही लुकलुकतो.

आता तू म्हणशील, "येझदी मोटरसायकलच्या वेळी मी ओरडत होतो तेव्हा ऐकलं नाहीस." ते वेगळं होतं! पेट्रोलमध्ये ऑइल बरोबर होतं, तू पळवली म्हणून पिस्टन जाम झाला. हा वाद मी मरेपर्यंत सोडणार नाही.

खरी अडचण अण्णांची आहे. तुळजापूरला पद्मिनीतनंच जायचं, पुढच्या सीटवर बसून. कोजागिरीला पायी जाणाऱ्यांची गर्दी म्हणून आतापर्यंत थोपवलं. काल म्हणाले, "मला तर काई ऐकू येईना, तू कशाला ऐकलालास?" भाच्याची स्विफ्ट आहे म्हटलं, तर जेवताना बोलले नाहीत. औश्याच्या पुढं कुठं रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर आला, तर रस्त्यावर उभं राहण्याचं दुःख नाही रे. दुसरा ब्लॉक म्हणजे इंजिन नंबर बदलला, आरटीओच्या चकरा, आणि अण्णांनी नवी घेतलेली गाडी ती राहिली का? आणि पुन्हा खोलतो म्हटलं तर अण्णा म्हणणार, हा मी जाईपर्यंत खोलतच बसणार. तसं त्यांनी हिला बोलूनही दाखवलंय.

तुझं काय? वहिनींचा गुडघा कसा आहे? चिन्मयला नोकरी लागली म्हणे, पेढे कुठायत? फ्लॅटचा ताबा मिळाला का, की अजून बिल्डर गोड बोलतोय?

तर मला एवढंच सांग: चेंबर उतरवून खालूनच तीन नंबरच्या रॉडची कॅप काढून जर्नल मापू, की सरळ इंजिन उतरवू? जर्नल जास्त घासला गेला असेल किंवा लांबट झाला असेल तर चारही 30 वर न्यावे लागतील. नाना पेठेत पद्मिनीचे 30 चे बिग एंड शेल, रॉडच्या खालच्या टोकाचे, मिळतात का बघ, आणि तुझा मायक्रोमीटर पाठव. कुरिअरनं नको, स्वतः घेऊन ये. दिवाळीला येणारच आहेस ना? अण्णांना मी तुझं नाव सांगितलंय, सुऱ्या आल्याशिवाय गाडी हलणार नाही म्हणून. ते तुझं ऐकतात, का ते देवाला माहीत.

तुझा,
बाळ्या

ता. क. येझदीचं अण्णांसमोर काढू नकोस.