पेन माझ्याच हातात राहू देणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार. नोकरीसाठी निवड झाल्याचे पत्र आल्यावर घरच्यांच्या पाठोपाठ आठवण झाली ती तुमची, आणि लालबागच्या अभ्यासिकेत तुमचा नंबर घ्यायचे राहून गेल्यामुळे हे आभार असे जाहीरपणे मानत आहे.

कोडिंगच्या मुलाखतीची तयारी करून देतो म्हणून घसघशीत फी घेणाऱ्या क्लासने लिंक्ड लिस्ट (प्रत्येक घटकात पुढच्याचा पत्ता ठेवणारी यादी) उलटी करण्याचा कोड आमच्याकडून स्तोत्रासारखा पाठ करून घेतला होता. 'असेच का?' असे विचारले, की 'एवढे खोलात कोणी जात नाही' हे उत्तर ठरलेले. मुलाखत घेणारे नेमके तिथेच जातात, हे त्यांना ठाऊक नसेल असे मला वाटत नाही.

तुम्ही वहीत चार चौकटी आणि त्यांना जोडणारे बाण काढायला सांगितलेत, आणि शेवटपर्यंत माझ्या हातातले पेन घेतले नाहीत. पहिला बाण मी मागे वळवणार, एवढ्यात दुसऱ्या चौकटीवर बोट टेकवून तुम्ही विचारलेत, "हा फिरवलास, तर इथवर पोहोचणार कशी?" आणि गप्प राहिलात. पुढच्या नोडचा, म्हणजे चौकटीचा, पत्ता आधी राखून ठेवायचा, मगच बाण फिरवायचा. मागचा, चालू आणि पुढचा असे तीन पॉइंटर, म्हणजे नोडचे पत्ते, हाताशी असले, की यादी कितीही लांब असो, ती एकाच फेरीत उलटते, हे त्या गप्प राहण्यात मला उमगले. उत्तर ठाऊक असताना ते ओठांवर थोपवून धरण्याइतका सभ्यपणा मला त्याआधी कुठे भेटला नव्हता.

स्ट्रिंगसाठी, म्हणजे अक्षरांच्या माळेसाठी, तुम्ही 'मुंबई' उलटी करायला दिलीत. दिसायला तीन अक्षरे, पण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर सगळ्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, म, उकार, अनुस्वार, ब आणि ई असे 5 कोड पॉइंट, म्हणजे पाच वेगळे क्रमांक. ते सरसकट उलटे केले, की उकार 'म'ला सोडून भलतीकडेच जातो. म्हणूनच मुलाखतीत, "मजकूर केवळ इंग्रजी आहे की कोणत्याही लिपीतला?" असे मी आधी विचारले, तेव्हा तोवर घड्याळ बघणारे गृहस्थ सावरून बसले.

माझा नंबर अभ्यासिकेच्या टेबलावर देऊन ठेवला आहे. नोकरी लागली असली, तरी ट्री आणि ग्राफ या माहिती मांडण्याच्या रचना अजून कच्च्याच आहेत, आणि त्यासाठी पुन्हा त्या क्लासची पायरी चढायची माझी तयारी नाही.

आपली,
खिडकीजवळच्या टेबलावरची विद्यार्थिनी