सुन्या, काकूंच्या ऑपरेशनआधी हे वाच

प्रिय सुन्या,

काल फोनवर तू म्हणालास की काकूंच्या गुडघ्याची तारीख ठरली, आता हॉस्पिटलवाल्यांशी कसं बोलायचं ते सांग, तुझ्या अण्णांचं नुकतंच झालंय. तेवढ्यात तुझ्या साहेबाचा फोन आला आणि राहिलंच. म्हणून लिहायला बसलोय, लांबण लागणार आहे पण पूर्ण वाच.

अण्णा न्हाणीत घसरले ते तुला माहितीये. खुब्याचं हाड मोडलं, पुण्यात आणलं, दुसऱ्या दिवशी सकाळी आठचं ऑपरेशन. सिस्टर रात्री दोनदा सांगून गेली की बारानंतर तोंडात काही नाही, कॉटला तशी पाटीपण अडकवली. आणि पहाटे साडेपाचला मी तोंड धुवायला गेलो तेवढ्यात आत्याने थर्मासमधला चहा पाजला, वर दोन ग्लुकोज बिस्किटं बुडवून. का तर "माझा भाऊ रात्रभर उपाशी आहे." भूलतज्ज्ञ मॅडमनी विचारलं काही खाल्लंय का, अण्णा शांतपणे नाही म्हणाले. मॅडमची नजर उशीवरच्या बिस्किटाच्या चुऱ्यावर गेली म्हणून कळलं. दुधाचा चहा म्हणजे त्यांच्या हिशोबात खाणंच, सहा तास जायला पाहिजेत, नाहीतर भुलीत उलटी होऊन ते फुफ्फुसात जाऊ शकतं. पुढची लिस्ट भरलेली, त्यामुळे ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं, खोलीचं एक दिवसाचं भाडं आमच्या बोडक्यावर, आणि बोलणार कुणाला?

तरी आमचा मामेभाऊ बोललाच. त्याला चहाचं काही माहीत नव्हतं, आल्या आल्या रेसिडेंट डॉक्टरवर चढला, पेशंटला ताटकळत ठेवता वगैरे. तो पोरगा रात्रभर जागा असावा, डोळे लाल, एक शब्द बोलला नाही. डॉक्टरवर हात टाकला किंवा सामान फोडलं तर आपल्याकडे 2010 चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत आत आणि पन्नास हजारांपर्यंत दंड, वर नुकसानीच्या दुप्पट भरपाई. तेवढ्यावर गेलं नाही हे नशीब. संध्याकाळी मीच जाऊन सॉरी म्हणालो तर म्हणतो, "रोजचंच आहे दादा." मला फार लाज वाटली रे.

मग गंमत बघ, त्याच पोराने मला लिफ्टजवळचा बोर्ड दाखवला. रुग्ण हक्कांची सनद. 2021 च्या जानेवारीत राज्याने नर्सिंग होमचे नियम सुधारले तेव्हापासून ही सनद आणि दरपत्रक लोकांना दिसेल असं लावायला लागतं. लावलं होतंच की, फक्त पुढे हेल्थ चेकअप पॅकेजचा उभा स्टँड ठेवला होता. मी स्टँड सरकवून उभ्या उभ्या सगळं वाचलं, वॉचमन बघत होता, बघू दे म्हटलं. बिल थकलं म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही हेपण त्या नियमांत आहे.

आता तुझ्या कामाचं. संमतीपत्र समोर आलं की कोऱ्या जागा असलेल्या कागदावर सही नको. काय करणार, धोका काय, दुसरा उपाय काय हे कळेल अशा भाषेत सांगणं त्यांचं काम आहे. आणि सही काकूंची, तुझी नाही, त्या चांगल्या शुद्धीत आहेत आणि तुझ्यापेक्षा जास्त प्रश्न विचारतील. 2008 ची सुप्रीम कोर्टाची एक केस आहे, बाई तपासणीसाठी भुलीत असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईला विचारून गर्भाशयच काढून टाकलं. कोर्टाने सांगितलं की जिवाला तातडीचा धोका नसताना आईची संमती चालत नाही. आपल्याकडे सगळं पोराशीच बोलतात आणि म्हातारं माणूस छताकडे बघत पडलेलं असतं, अण्णांचं अगदी तसंच झालं, मी पण ते होऊ दिलं.

गुडघ्याच्या इम्प्लांटला 2017 पासून सरकारने किमतीची वरची मर्यादा ठरवलीये. बिलात इम्प्लांट वेगळं दाखवायला सांग, कंपनी आणि मॉडेलसकट, आणि त्याचा स्टिकर फाईलला लागलाय का ते बघ.

फाईलच्या झेरॉक्सचा मला त्रास झाला. काउंटरवर म्हणे डिस्चार्जनंतर या, डिस्चार्जनंतर म्हणे मॅनेजर नाहीत. मामेभाऊ परत बाह्या सरसावायला लागला, त्याला चहाला पाठवलं आणि साध्या कागदावर अर्ज लिहून दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतला. मागितल्यापासून 72 तासांत कागद द्यायचे असा डॉक्टरांच्या आचारसंहितेचाच नियम आहे, 2002 चा. तेवढी एक ओळ अर्जात टाकली होती, तिसऱ्या दिवशी गठ्ठा हातात. झेरॉक्सचे पैसे घेतले, घेऊ देत.

आणि तुमचं हॉस्पिटल धर्मादाय आहे का बघून ठेव. तुझं उत्पन्न बसणार नाही, पण शेजारच्या कॉटवाल्याला उपयोग होतो. आमच्या शेजारी एक रिक्षावाले काका होते, पोराने बायकोचं गंठण मोडायला काढलेलं. धर्मादायमध्ये दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना फुकट आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मेडिकल सोशल वर्करच्या खोलीत मी त्याच्याबरोबर गेलो, रेशनकार्ड होतं, तहसीलदाराच्या दाखल्यासाठी दोन दिवस पळापळ केली त्याने. बिल निम्म्यावर आलं. गंठण वाचलं बहुतेक, नंतर फोन झाला नाही.

काकूंच्या चालू गोळ्या डब्यासकट घेऊन जा, नावं पाठ म्हणू नकोस. रक्त पातळ व्हायची गोळी असेल तर आधीच सांग, आणि त्या वैदूची बिनलेबलची पावडर घेत असतील तर तीपण, शिव्या पडल्या तरी.

मी आदल्या दिवशी संध्याकाळी पोचतो, रात्री मी थांबेन, तू झोप. आत्यापण येते म्हणतीये काकूंना बघायला. थर्मास माळ्यावर टाकलाय.

तुझा,
बंड्या