आधी थेंब, मग लढत

तीर्थरूप आई व बाबा यांना,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर मी ही गोष्ट अर्धवट सांगितली, आईने "बरं" एवढेच म्हणून फोन बाबांकडे दिला, आणि बाबांनी हवापाण्याची चौकशी केली. म्हणून आता सगळे नीट लिहून कळवते. विभागीय विद्यापीठ क्रीडा स्पर्धांमधील ज्युदोसाठी मी नाव दिले आहे. माझ्या वजनगटाच्या लढती ज्या दिवशी आहेत, त्याच्या आदल्याच दिवशी आईच्या डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आहे, आणि मी तेव्हा घरी नसेन. शस्त्रक्रियेची तारीख ठरण्यापूर्वीच मी अर्ज भरला होता, असे मी गेले आठ दिवस स्वतःला बजावत आहे. पण तारीख आधी कळली असती तरीही मी नाव दिले असते, आणि नेमके हेच मला फोनवर म्हणता आले नाही.

हे माझे शेवटचे वर्ष आहे. पदवी हाती पडली की विद्यापीठाच्या संघातून खेळता येणार नाही, आणि मधली दोन वर्षे खांद्याने खाल्ली, हे तुम्ही जाणताच. शस्त्रक्रिया पुढे ढकलावी असे सुचवण्याचे माझ्या मनातही आले नाही, कारण जिन्याच्या शेवटच्या पायरीवर आईचा पाय अंदाजाने पडतो, हे मी गेल्या सुट्टीत पाहिले आहे. दादा चार दिवस रजा काढून येतो आहे. या वेळी कोणापासून काही लपवायचे नाही असे मी ठरवले आहे.

आईसाठी एक चांगली बातमी आहे. या वेळी मी ५२ किलोखालील गटात नसून ५७ किलोखालील गटात खेळते आहे. मागच्या वेळी वजनाच्या काट्यासाठी मी दीड दिवस पाणी तोडले होते आणि माझे फुटलेले ओठ पाहून तू माझ्याशी बोलली नव्हतीस. तसे आता काहीही करावे लागणार नाही. वजन आदल्या संध्याकाळी होते आणि आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे लढतीच्या सकाळी काही जणांचे पुन्हा तपासतात, तेव्हा ते मर्यादेपेक्षा ५ टक्क्यांहून जास्त भरता कामा नये. माझे वजन इतके आत आहे की मी त्या रात्री पोटभर जेवून झोपेन. समोरच्या मुली उंच आणि जड असतील, हे खरे आहे. पण उपाशी पोटी हलक्या मुलीशी लढण्यापेक्षा भरल्या पोटी जड मुलीशी लढणे मला जास्त सोपे जाते, हे सरावात पुरेसे पारखून मगच मी गट बदलला आहे. राहण्याची सोयही चांगली आहे: खोलीत आम्ही दोघीच आहोत, गरम पाणी मिळते, आणि पांघरूण मी घरचेच नेते आहे.

खांद्याबद्दलही एकदा लिहून टाकते. आई, हासळीचे हाड ज्युदोमुळे मोडले असे तू सगळ्यांना सांगतेस, आणि मी तुला कधी अडवले नाही. पण त्या दिवशी मी ज्युदोतला पहिलाच धडा मोडला होता. पडताना हात जमिनीवर टेकायचा नसतो, हनुवटी छातीशी घेऊन आणि सबंध हात मॅटवर आपटून पडायचे असते; यालाच उकेमी म्हणतात, आणि फेक शिकवण्याआधी कितीतरी दिवस फक्त तेच शिकवतात. सरावातली एक साधी फेक मला मान्य करायची नव्हती, म्हणून मी हात रोवला आणि सगळा भार त्या हाडावर आला. हाड जुळल्यानंतर मी पुन्हा नवख्या मुलांच्या रांगेत उभी राहून पडायला शिकले आहे. त्या रांगेतली सर्वांत मोठी मुलगी मीच होते, ही गोष्ट वेगळी.

गळा आवळण्याच्या डावांबद्दल बाबांनी कुठेतरी वाचले आहे, असे दादा म्हणाला. बाबा, असे डाव आहेत, पण हाताने दोनदा थोपटले की प्रतिस्पर्ध्याला त्याच क्षणी सोडावे लागते, हात अडकला असेल तर पायाने थोपटता येते किंवा तोंडाने सांगता येते, आणि पंच डोळ्यांत तेल घालून पाहत असतात. डोके खाली घालून फेक करणाऱ्याला तर मानेच्या धोक्यामुळे थेट बाद करतात. मी वेळेवर थोपटेन; आता मला त्याची लाज वाटत नाही.

आई, माझ्या ज्युदोगीच्या, म्हणजे ज्युदोच्या पोशाखाच्या, गुडघ्यांवर तू दुहेरी टीप घातलेले तुकडे अजून टिकून आहेत. गेल्या सुट्टीत गळपट्टी शिवायला घेतलीस तेव्हा सुई माझ्या हातात देऊन "एवढी ओवून दे" म्हणालीस. मी ओवली आणि हसले, आणि रात्रभर मला झोप लागली नाही.

आता माझे ऐका. थेंब घालण्याआधी हात साबणाने धुवायचे, आणि दोन निरनिराळ्या थेंबांमध्ये पाच मिनिटे जाऊ द्यायची. डोळा चोळायचा नाही, झोपताना डोळ्यावरचे झाकण लावायचे, डोक्यावरून पाणी घ्यायचे नाही, आणि डॉक्टर सांगतील तोपर्यंत वाकून काही उचलायचे नाही. पाण्याची बादलीसुद्धा दादाने उचलायची. डोळा दुखू लागला किंवा अचानक अंधुक दिसू लागले, तर रात्र आहे म्हणून न थांबता लगेच डॉक्टरांना कळवायचे. बाबांनी रक्तदाबाची गोळी लढतीच्या दिवशीही वेळेवरच घ्यायची, "आज राहू दे" चालणार नाही.

त्या दिवशी आईने डोळे मिटून पडायचे आणि बाबांनी फोनवर लढत पाहून तिला सांगायची, पण आधी थेंब, मग लढत. मी कधी पांढऱ्या पोशाखात असेन, कधी निळ्या, म्हणून पाठीवरचे नाव पाहा. लढत ४ मिनिटांची असते, मात्र पंच थांबवतात तेव्हा घड्याळही थांबते, आणि बरोबरी झाली तर पुढे वेळेचे बंधन नसते. उपांत्यपूर्व फेरीत हरले तर फोन बंद करू नका. तिथे हरलेल्यांना पुन्हा संधी मिळते आणि कांस्यपदके दोन असतात. आईला खोटे काही सांगू नका, तिला तुमच्या आवाजावरून कळते.

आणि मी कोणाला मॅटवर दाबून धरले, तर मोठ्याने मोजा. गादीवर मी दादाला दाबायची तेव्हा २५ सेकंदांचा नियम होता, आता २० सेकंदांतच इप्पॉन, म्हणजे थेट विजय, मिळतो. तेव्हा दादा खाली असला की तुम्ही शेवटचे आकडे भरभर मोजायचात, हे मला तेव्हाही कळत होते. या वेळी दादा शेजारीच बसलेला असेल, त्यामुळे नीट मोजा.

तुमची,
धाकटी