‘मन घट्ट कर’ म्हणून भागत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

खचून न जाण्याविषयीचा आपल्या रविवारच्या अंकातला लेख वाचला. लेख चांगला आहे, पण ‘मन कणखर करा’ हे वाक्य गेल्या जूनपासून मला ऐकवत नाही.

रावेर तालुक्यात माझी अडीच एकर केळी. मृग बाग, म्हणजे मृग नक्षत्राच्या सुमारास लावलेली, कापणी आठ दिवसांवर आलेली. संध्याकाळी पाऊण तास वादळ झालं आणि चार हजारांपैकी जेमतेम तीनशे खोडं उभी राहिली. घड भरलेलं झाड वरून जड, वाऱ्यापुढे टिकत नाही. विम्यासाठी ७२ तासांत कळवलं, पंचनामा झाला. मग पाहुणे आले. चहा घेतला, ‘मन घट्ट कर’ म्हणाले आणि जाता जाता केळीला भाव काय चाललाय तेही विचारून गेले!

झोप उडाली होती ती मात्र आकड्याने. घरी मी कर्ज दोन लाख सांगितलेलं, खरं होतं चार लाख साठ हजार.

बाराव्या दिवशी शेजारच्या बांधावरचे आप्पा विळा घेऊन आले. “चाल भो, पील तं जित्ते हायेत ना,” एवढंच बोलले. पील म्हणजे केळीच्या बुडाशी फुटलेले कोंब. आडवी खोडं बुडाशी तोडायची, प्रत्येकाजवळ एक जोमदार पील ठेवायचं, बाकीचं काढायचं. दोन दिवसांत सहा ओळी मोकळ्या झाल्या. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी विचारलं, देणं किती? मी सांगून टाकलं. भाकरी मोडता मोडता त्यांनी स्वतःचं सांगितलं, ते माझ्याहून जास्त निघालं. त्याच रात्री बायकोला खरं सांगितलं. ती चिडली, रडली. सकाळी वही घेऊन बसली, कोणाचं आधी फेडायचं ते लिहायला.

आपल्या लेखात व्यायाम आहे, ध्यान आहे. आकडा कोणाला तरी सांगा, हे कुठेच नाही. आमच्याकडे माणूस पाण्याची पाळी सोडेल, पण उधारी सांगणार नाही.

प्रत्येकाच्या बांधाला आप्पा नसतात. मनावरचा ताण बोलून दाखवायला सरकारची टेली-मानस ही मोफत फोन सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, क्रमांक १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. गावातल्या कृषी केंद्राच्या भिंतीवर फवारणीच्या औषधांचे दहा पोस्टर आहेत, हा नंबर नाही. आपण तो रोज केळीच्या भावाच्या चौकटीखाली छापावा. आमच्याकडे पेपर आला की आधी तेच पान उघडतात.

– एक केळी उत्पादक, ता. रावेर, जि. जळगाव